गर्भवतीची साखर आणि आतड्यांतील जीवसृष्टी
(भाषणाचा संपादित अंश)



सुनेला दिवस गेल्याची वार्ता येताच घरात पेढे येतात आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवणाची पंगत बसते. नेमक्या याच सुमारास गर्भवतीच्या रक्तातील साखर वाढण्याचा संभव सर्वाधिक असतो. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे मातेच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. गर्भाला पोषण अधिक मिळावे, अशी ही निसर्गाची योजना होय. परंतु जिचे स्वादुपिंड वाढीव इन्सुलिन पुरवू शकत नाही, तिची साखर मर्यादा ओलांडते. यालाच गर्भारपणातील मधुमेह म्हणतात. बाळ अवाजवी मोठे होणे, प्रसूती अवघड होणे, जन्मताच बाळाची साखर एकाएकी उतरणे, हे त्याचे धोके आहेत.

शुद्ध शाकाहारी घराला याचे भय नाही, अशी एक समजूत पनवेलसारख्या व्यापारी गावात सर्रास आढळते. ती खरी नाही. घाटापलीकडे, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी अधिक बाळगणारी आढळली. निम्म्याहून अधिक मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. वनस्पतिजन्य अन्नात बी-१२ जवळजवळ नसते. दूध-दह्यातून ते थोडेफार मिळते. मोठ्या आतड्यातील जीवाणू ते निर्माण करतात खरे, पण त्याचे शोषण त्याआधीच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होत असल्याने त्याचा उपयोग होत नाही. म्हणून गर्भवतीची बी-१२ तपासणी करून घेणे इष्ट.

सूक्ष्म जीवांचा विचार ज्या परंपरेने शतकानुशतके केला, तिला आतड्यांत अब्जावधी जीवाणू वसतात याचे नवल वाटू नये. २०१२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी फिनलंडमधील ९१ गर्भवतींच्या जीवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या तिमाहीपेक्षा तिसऱ्या तिमाहीत या जीवाणूंचा मेळ पार बदललेला होता. ते जीवाणू जंतुविरहित उंदरांच्या पोटात सोडले असता तिसऱ्या तिमाहीचे जीवाणू मिळालेल्या उंदरांत चरबी अधिक साठली आणि इन्सुलिनचा प्रभाव उणावला.

या जीवाणूंचे अन्न म्हणजे आपल्याला न पचणारा चोथा. तो आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. ही आम्ले आतड्याचे अस्तर सुदृढ राखतात आणि इन्सुलिनला साहाय्य करणाऱ्या संप्रेरकांना चालना देतात. मैद्याची खारी, साबुदाणा, पांढरा भात, साखरेचा शिरा यांतून या जीवाणूंच्या वाट्याला फारसे काही येत नाही. साखर मात्र झपाट्याने चढते. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्या स्वयंपाकघरात चोथ्याची ती वाट बंद असली तरी उणीव मुळीच नाही. भातकापणीनंतर रायगडच्या शेतांत पिकणारा वाल, तसेच मूग, मटकी, चवळी, गवार, मेथी, ज्वारी, नाचणी हे सारे आहेच. मोड न आणताही कडधान्यातील चोथा टिकतो. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी ताक वेगळ्या वेळी घ्यावे. बाजारातील जीवाणूंच्या कॅप्सूलवर मात्र फार भरवसा नको. ऑस्ट्रेलियात वजन अधिक असलेल्या गर्भवतींना त्या देऊन पाहिल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार मधुमेह टळला नाही.

आता एक नाजूक विषय. हिवाळ्यात चौविहार ते नवकारशी हे अंतर चौदा तासांच्या घरात जाते. इन्सुलिन घेणाऱ्या गर्भवतीची साखर एवढ्या अवधीत धोकादायकरीत्या उतरू शकते. पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत. गुरुमहाराज आणि डॉक्टर या दोघांनाही विचारूनच तिचे व्रत ठरावे. सासूबाईंच्या भिडेखातर नव्हे. तसेच, इन्सुलिन प्राण्यांपासून बनते म्हणून काही घरे कचरतात. पूर्वी ते गाय-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत, हे खरे. आज सर्रास दिले जाणारे मानवी इन्सुलिन जीवाणू वा यीस्टकडून तयार करून घेतले जाते.

सरकारी मार्गदर्शनानुसार पहिल्याच तपासणीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजतात. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. आकडा १४० वा अधिक आल्यास प्रथम आहार सुधारतात. दोन आठवड्यांनीही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली येत नसेल, तर औषध सुरू होते. प्रसूतीनंतर साखर बहुधा पूर्ववत होते आणि डिंकाच्या लाडवांच्या गडबडीत सहा आठवड्यांनी करावयाची तपासणी राहून जाते. अशा मातेला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका मोठा असतो. म्हणून बाळाच्या लसीकरणासाठी दवाखान्यात जाल, तेव्हाच आईचेही रक्त तपासून घ्यावे.