पालकांची सही आणि मुलांचा हक्क



चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहराच्या 18 रोमा मुलांचा खटला आपण जरूर समजून घ्यावा. 1996 ते 1999 च्या दरम्यान बुद्धिमापन चाचणीवरून त्यांना मतिमंदांच्या शाळेत घातले गेले. चाचणी सर्वांना एकच, पण बेतलेली बहुसंख्य समाजाच्या मुलांवरून! सरकार म्हणाले, पालकांच्या सह्या आहेत. (त्या बिचाऱ्यांना परिणाम कोणी समजावून दिले होते?) 13 नोव्हेंबर 2007 रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 13 विरुद्ध 4 मतांनी निकाल दिला : वरकरणी समान नियमातूनही भेदभाव घडू शकतो, आणि भेदभाव न होण्याचा मुलांचा हक्क पालकांच्या सहीने संपत नाही. तरीही पुढे कितीतरी वर्षे रोमा मुले वेगळ्या वर्गांत बसतच राहिली, आणि युरोप परिषदेची मंत्री समिती चेक सरकारकडे अंमलबजावणीची विचारणा करीत राहिली.