शेवटच्या आजारपणातील शुश्रूषा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला हळदीकुंकू व्हावे, फराळ व्हावा, आणि मी मात्र मरणाविषयी बोलायला उभे राहावे, हे काहींना खटकेल. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मीही आधी कचरलेच. पण आपल्या सायखेड्यात असे एक तरी घर आहे काय, की जिथल्या बाईने कुणाच्या ना कुणाच्या अंथरुणाशी रात्री काढल्या नाहीत? बाळंतिणीचे कसे करावे हे आई-आजी शिकवतात. जाणाऱ्या माणसाचे कसे करावे हे मात्र कुणी सांगत नाही. आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचे बोलायला मला तोंड राहील.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांना जन्मभर मिश्रीची सवय. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे आपण विसरतो. गालाच्या आत चट्टा आला, त्याची जखम झाली. मुंबईला नेले तोवर दुखणे फार पुढे गेले होते. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, आणि घरी येऊन आम्ही ठरविले, की त्यांना कळू द्यायचे नाही. "उष्णता आहे, उतरेल," असे सांगत राहिलो.

त्यांची धाकटी बहीण पलीकडे चांदोरीला दिलेली. मध्ये काय तो गोदावरीचा पूल. पण माहेरच्या वाटणीवरून दोघींत वर्षानुवर्षे बोलणे नव्हते. एके दुपारी आत्याबाई मला म्हणाल्या, "चांदोरीला निरोप धाड. म्हणावं, एकदा येऊन जा." मी घरात विचारले. सर्वांचे मत पडले, की इतक्या वर्षांनी बहीण दारात आली तर त्यांना लगेच उमगेल. शिवाय कांदा काढणीचे दिवस. "पुढच्या आठवड्यात बोलावू, आत्याबाई," असे मी सांगितले. त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि पुन्हा कधी विचारले नाही. मावशी आल्या, त्या आत्याबाईंना अंगणात घेतल्यावर.

आत्याबाईंना सारे ठाऊक होते, असे मला आज वाटते. फसलो होतो ते आम्हीच.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. इंग्लंडात सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई होत्या. आधी परिचारिका, पुढे डॉक्टर. बऱ्या न होणाऱ्या रोग्यांसाठी त्यांनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह काढले. दुखते ते केवळ शरीर नव्हे, मनाचे, घरादाराचे, श्रद्धेचेही दुखणे असते, असे त्यांचे सांगणे. आपल्या देशातले अशा तऱ्हेचे पहिले घर १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघाले. त्याचे नाव शांती अवेदना सदन. कर्करोग पुढे गेलेल्या रोग्यांची तिथे सेवा होते. 'काही करण्यासारखे उरले नाही' असे ज्यांच्याबद्दल सांगितले जाते, त्यांच्यासाठीच तिथे सारे करणे असते.

पहिली गोष्ट वेदनेची. आत्याबाई रात्ररात्र कण्हत, आणि आम्ही समजत होतो की या रोगात असे होणारच. तसे नाही. अफूपासून काढलेले मॉर्फीन डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठरल्या वेळी दिले तर पुष्कळांची वेदना आटोक्यात येते. व्यसन लागेल ही भीती अशा रोग्याच्या बाबतीत बाळगू नये. नवल असे, की शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि १९८५ च्या कायद्यातील परवान्यांच्या कटकटीमुळे औषध मात्र इथल्या रोग्याला दुर्मिळ झाले होते. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. तरी ते सगळीकडे मिळतेच असे नाही. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, "रोगाचे राहू द्या, दुखणे थांबविण्याचे काय?"

अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी, म्हणजे पाठ सोलत नाही. तोंड कोरडे पडते, ते ओल्या कापडाने पुन्हापुन्हा टिपावे. शेवटी शेवटी अन्न नकोसे होते. आपण बायका इथेच चुकतो. "दोन घास तरी खा" म्हणून आग्रह करतो, चमच्याने पाणी ओततो, आणि ते श्वासनलिकेत जाते. उपाशी राहून ते माणूस जात नाही. ते जाऊ लागले आहे म्हणून भूक गेलेली असते. तुळशीचे पान नि गंगेचा थेंब ओठांना लावावा, तेवढा पुरतो. घरघर लागली की आपण घाबरतो, पण तो त्रास ऐकणाऱ्याला अधिक होतो, असे जाणकार सांगतात. त्या वेळीही ऐकू येत असण्याचा संभव असतो, म्हणून उशाशी दागिन्यांच्या गोष्टी काढू नयेत.

आणि रोग्याने विचारले तर खोटे बोलू नये. सगळे एकदम सांगावे असे नव्हे. "तुम्हाला काय वाटतं?" एवढे विचारून गप्प बसावे. पुढचे तेच बोलतात.

आता मागे राहणाऱ्यांविषयी. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पती गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद. शोकावर वर अपमान नको, एवढीच ती साधी गोष्ट. पुढे शासनानेही इतर गावांना हा कित्ता गिरविण्यास सांगितले. आपल्याकडे हे किती घरांत पाळले जाते, ते तुम्हीच मनात मोजा.

दहाव्याला घाटावर गर्दी मावत नाही. तेराव्यानंतर त्या घरी कोण जाते? २०१६ आणि २०१९ चे पूर आपण पाहिले. पाणी ओसरले, पाहणारे गेले, आणि घरातला गाळ काढायला त्यानंतर कुठे सुरुवात झाली. माझी मंडळाला विनंती आहे, की दुःख झालेल्या घरी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आपल्यापैकी दोघींनी जावे. उपदेश करू नये. गेलेल्या माणसाचे नाव टाळू नये. निवडायचे धान्य पुढे असेल तर निवडू लागावे.

मी चांदोरीला मावशींकडे जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा निरोपाची सारी हकीकत त्यांना सांगितली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे तिनं बोलावलं होतं मला?" अजूनही मी गेले, की चहा होतो, इकडचे तिकडचे होते, आणि निघताना त्या हटकून विचारतात, "सूनबाई, ती काय म्हणाली होती गं?" मी पुन्हा सांगते.