तीनचाकी मोटारसायकलीची उष्णता : कारणे आणि उपाय

(तीनचाकी मोटारसायकल चालविणारे नागरिक, वाहनदुरुस्ती शिकणारे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजचा विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. इंजिन म्हटले की ते तापणारच, अशी आपली समजूत असते आणि ती चुकीची नाही. परंतु इंजिनने किती तापावे, त्या उष्णतेने कोठून बाहेर पडावे आणि ती चालकाच्या पायापर्यंत का पोहोचावी, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ते न विचारल्याने काय घडते, हे सांगण्यासाठी माझ्या परिचयातील एका गृहस्थांची हकीगत प्रथम निवेदन करतो.

हे गृहस्थ गावात लहानसे दुकान चालवितात. पाठीच्या कण्याला झालेल्या दुखापतीमुळे त्यांच्या उजव्या पायातील शक्ती कमी झाली आणि गुडघ्याखालची संवेदनाही जवळजवळ नाहीशी झाली. त्यांनी आपल्या मोटारसायकलीला मागे दोन चाके आणि हाताने दाबावयाचा ब्रेक बसवून घेतला. गाडीमुळे त्यांचे परावलंबन संपले. मात्र उन्हाळ्यात एके दिवशी ते बाजाराच्या गर्दीत बराच वेळ अडकून पडले. रात्री घरी पत्नीने मोजा काढला तेव्हा घोट्याच्या वर तळहाताएवढा फोड आलेला होता. पाय भाजत असल्याचे त्यांना कळलेच नव्हते. ती जखम भरून येण्यास दोन महिने लागले आणि तेवढा काळ दुकान बंद राहिले.

गाडीत बिघाड कोणता होता, ते मी पुढे सांगणार आहे. तत्पूर्वी उष्णतेचा हिशेब समजून घेऊ.

पेट्रोल जळून जी शक्ती निर्माण होते, तिच्यापैकी सुमारे चौथा ते तिसरा हिस्साच चाक फिरविण्याच्या कामी येतो. ढोबळमानाने एक तृतीयांश शक्ती धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जाते. उरलेली सिलिंडरच्या भिंती, तेल आणि इंजिनचे कवच यांतून बाहेर पडते. म्हणजे प्रत्येक मोटारसायकल ही मूलतः एक चूल आहे. ती ओढण्याचे काम जाता जाता करते, असे म्हटले तरी चालेल. इंजिनातून निघणारा वायू भार असताना ६०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. त्यामुळे इंजिनलगतचा बेंड पाइप ३०० अंशांच्या पुढे जाणे हे अपवादात्मक नाही. उलटपक्षी, मानवी त्वचेला ६० अंशांचा पृष्ठभाग सुमारे ५ सेकंदांत आणि ७० अंशांचा पृष्ठभाग जेमतेम एका सेकंदात खोलवर भाजतो. एवढेच नव्हे, तर केवळ कोमट वाटणारा ४४ अंशांचा पृष्ठभाग कित्येक तास अंगाला लागून राहिला, तरीही इजा होते. ज्याला वेदना जाणवते तो पाय मागे घेतो. कण्याची दुखापत, कुष्ठरोग किंवा दीर्घकाळचा मधुमेह यांमुळे ज्याची संवेदना गेली आहे, त्याचा पाय तेथेच राहतो.

आता कोणी म्हणेल की, हे तर दुचाकीलाही लागू आहे. गोव्यात मोटारसायकल पायलटच्या मागे बसताना उतारूच्या पोटरीला सायलेन्सरचा चटका बसणे काही नवे नाही. तरीही तीनचाकीची अडचण अधिक बिकट आहे आणि त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण भाराचे. मागची दोन चाके, त्यांचा आस, सांगाडा आणि पेटी यांमुळे गाडीचे वजन वाढते. तिला रस्त्याचा व वाऱ्याचा अडथळाही जास्त होतो. जे इंजिन दुचाकीसाठी घडविले, त्याला तेवढ्याच वेगासाठी अधिक पेट्रोल जाळावे लागते.

दुसरे कारण वाऱ्याचे. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींची इंजिने वाऱ्याने थंड होतात. सिलिंडरभोवती ज्या पातळ चकत्या असतात, ज्यांना आपण फिन म्हणतो, त्यांच्यामधून वारा वाहिला तरच उष्णता निघून जाते. दुचाकी गर्दीतून वाट काढते. तीनचाकी मोटारींच्या रांगेत उभी राहते. गाडी उभी, इंजिन चालू आणि वारा बंद, अशी स्थिती झाली की उष्णता साचत जाते.

तिसरे कारण बांधणीचे. मागच्या चाकांवरील मडगार्ड, सामानाची पेटी आणि बाजूचे पत्रे यांमुळे इंजिनच्या मागे एक खोलीच तयार होते. पुढून आलेल्या हवेला बाहेर पडण्यास मार्ग राहत नाही आणि गरम हवा चालकाच्या पायांभोवती व आसनाखाली घोटाळत राहते.

ही अडचण केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९३२ ते १९७३ या काळात सर्व्हि-कार नावाची तीनचाकी मोटारसायकल बनविली. दिल्लीकरांनी पूर्वी जुन्या मोटारसायकलींना मागे उतारूंची पेटी जोडून फटफटी चालविली. सौराष्ट्रात मोटारसायकलीचे पुढचे अंग आणि मागे डबा असलेला छकडा गावोगाव धावला; बडोद्याकडील आपल्या बांधवांना तो ठाऊक असेल. दुचाकीचे यंत्र तीन चाकांना जुंपले की भार, वारा आणि आडोसा यांचा विचार नव्याने करावाच लागतो.

आता उपायांकडे वळू. उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम उष्णता अकारण वाढविणारा बिघाड शोधावा, नंतर हवेची वाट मोकळी करावी आणि सर्वांत शेवटी आडपडदा लावावा. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. आधी पायाखाली काहीतरी जाड गुंडाळले जाते आणि मूळ बिघाड आत तसाच राहतो.

बिघाड शोधताना पुढील गोष्टी पाहाव्यात. हवा व पेट्रोल यांच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल, तर इंजिन जास्त तापते. कार्बुरेटर आणि इंजिन यांमधील रबरी जोडाला तडा गेला की तेथून जादा हवा शिरते. प्लग काढून पाहिल्यास तो पांढराफटक दिसतो. ठिणगीचे टायमिंग मागे पडले असेल, तर पेट्रोल उशिरा जळते आणि बेंड पाइप तापतो. टॅपेट फार घट्ट असल्यास व्हॉल्व्ह नीट बसत नाही व कालांतराने जळतो. बेंड पाइप जेथे इंजिनला जोडलेला असतो, तेथील पॅकिंग फुटले तर काजळीचा डाग दिसतो, फटफट असा आवाज येतो आणि गरम वायूचा झोत थेट बाहेर येतो. ब्रेक घासत असणे, क्लच घसरणे, चाकांत हवा कमी असणे यांमुळेही इंजिनला विनाकारण श्रम पडतात. तेलाची पातळी कमी असेल किंवा तेल जुने झाले असेल, तर उष्णता वाहून नेणारे एक साधनच निकामी होते. नव्या, इंजेक्शन असलेल्या गाड्यांत मिश्रण कार्बुरेटरने ठरत नाही. तेथे मीटरवरील इंजिनचा दिवा पेटला तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांत, आणि त्यापूर्वीच्याही अनेक गाड्यांत, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सायलेन्सरमध्ये असतो. तो तापल्यावरच काम करतो. परंतु प्लग मधूनमधून ठिणगी देईनासा झाला, तर न जळलेले पेट्रोल त्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो भाग लालभडक होतो. अशी गाडी वाळलेल्या गवतावर किंवा भाताच्या पेंढ्याजवळ उभी करू नये. खळ्यात गाडी नेणाऱ्या शेतकरी बांधवांनी हे विशेष लक्षात ठेवावे. उष्णता कमी व्हावी म्हणून कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्लाही कोणी देतो. तो मानू नये. त्याने धुराची तपासणी फसते आणि कायद्याचा भंग होतो.

दुसरी पायरी हवेच्या वाटेची. फिनमध्ये साचलेली लाल माती व तेलाचा थर इंजिन थंड असताना ब्रशने साफ करावा. पुढच्या बाजूस पिशव्या, फलक किंवा जादा पत्रा लावून वारा अडवू नये. हवेला आत येण्याइतकीच बाहेर जाण्याचीही वाट लागते. म्हणून इंजिनमागच्या पत्र्याला खाली व मागे मोकळी जागा ठेवावी. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटरची जाळी, पंखा आणि शीतकाची पातळी पाहावी. मात्र गरम असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतील दाबामुळे पाणी १०० अंशांच्या पुढेही न उकळता राहिलेले असते आणि झाकण उघडताच ते उसळून अंगावर येते.

तिसरी पायरी आडपडद्याची. स्वच्छ, उजळ ॲल्युमिनियमचा पत्रा उष्णतेच्या किरणांपैकी बहुतांश परतवितो. गंजलेले लोखंड त्या शोषून घेते व पुन्हा बाहेर टाकते. म्हणून पाइप आणि पाय यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा किंवा न गंजणाऱ्या पोलादाचा पातळ पत्रा बसवावा. तो पाइपला चिकटवू नये. दोहोंमध्ये बोटभर अंतर ठेवावे आणि वरची व खालची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते व खालून ताजी हवा आत येते. खरे काम पत्र्याइतकेच त्या पोकळीचेही असते.

पाइपभोवती काचतंतूची पट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे. तिने बाहेरची उष्णता कमी होते हे खरे. परंतु पट्टीखाली पावसाचे पाणी धरून राहते व लोखंडी पाइप आतल्या आत गंजतो. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात हा धोका मोठा आहे. जुन्या गॅरेजांत ॲस्बेस्टॉसची दोरी वा कापड वापरले जाई. ते मुळीच वापरू नये. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत जाऊन कर्करोगास कारण होतात. इंजिन किंवा त्याच्या फिन मात्र कशानेही गुंडाळू नयेत. पेट्रोलची नळी पाइपपासून दूर न्यावी आणि ती दरवर्षी तपासावी.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. लोखंडी तवा तापवून त्यावर काडीच्या टोकाने पाण्याचा एकेक थेंब टाकीत जावे. १०० अंशांच्या थोडे वर थेंब पसरून चरचरतो व लगेच आटतो. सुमारे २०० अंशांच्या पुढे तोच थेंब गोळीसारखा नाचू लागतो, कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते. थर्मामीटरशिवाय उष्णतेचा अंदाज कसा येतो, हे मुलांना यातून उमगेल. ज्यांच्याकडे दुरून तापमान दाखविणारे उपकरण आहे, त्यांनी चकचकीत धातूवर ते रोखल्यास आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवितो, हे ध्यानात घ्यावे. तेथे उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर मोजमाप करावे.

आता त्या गृहस्थांच्या गाडीकडे परत येऊ. फोड आल्यानंतर एका कारागिराने पायटेकूवर जाड रबर बसवून दिले होते. आम्ही गाडी तपासली तेव्हा बेंड पाइपचे पॅकिंग फुटलेले आढळले. मिश्रणात पेट्रोल कमी होते. शिवाय चिखल उडू नये म्हणून बसविलेला बाजूचा प्लॅस्टिकचा पडदा त्या झोताला थेट घोट्याकडे वळवीत होता. पॅकिंग बदलले, मिश्रण दुरुस्त केले, पडदा कापून मागे मोकळी जागा ठेवली आणि शेवटी ॲल्युमिनियमचा पत्रा लावला. साहित्याचा खर्च किरकोळ आला. तरीही त्यांना मी एक नियम घालून दिला आहे: उजव्या पायात नेहमी उंच चामडी बूट घालावयाचा आणि प्रत्येक फेरीनंतर पाय डोळ्यांनी पाहावयाचा. जेथे संवेदना नाही तेथे दृष्टीनेच पहारा केला पाहिजे.

भाजल्यास काय करावे, तेही सांगतो. भाजलेल्या भागावर सुमारे २० मिनिटे नळाचे थंड, वाहते पाणी सोडावे. बर्फ, तेल, शाई, राख वा दंतमंजन लावू नये. फोड फोडू नये. भाजलेल्या व्यक्तीस मधुमेह असेल अथवा संवेदना कमी असेल, तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

अखेरीस अधिकारी बंधूंना एक विनंती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत बदल करण्यावर बंधने आहेत. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी अनुकूल केलेल्या वाहनाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्ट केली आहे आणि अशा बदलास नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. त्या तपासणीच्या वेळी ब्रेक व दिवे पाहिले जातात. त्याबरोबरच इंजिन दहा मिनिटे चालू ठेवून चालकाच्या पायाजवळ हात धरून पाहावा. आपल्या हाताला जे सोसवत नाही, ते दुसऱ्याच्या बधिर पायाला सोसावयास लावू नये.

उष्णता ही इंजिनची सहचरी आहे. तिला बंद करता येत नाही, मात्र योग्य वाट दाखविता येते. ती वाट दाखविण्यास महागडी साधने लागत नाहीत. बिघाड शोधण्याची चिकाटी आणि गाडीवर बसणाऱ्या माणसाचा विचार, एवढे पुरते.