रंगीत तालमीचे मोल
(वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



परीक्षेत यश मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार आपण प्रतिवर्षी करतो. आज आम्ही गुणपत्रिकेत न दिसणाऱ्या एका गोष्टीविषयी चार शब्द बोलणार आहोत. आपले संशोधन परीक्षकांपुढे मांडण्यापूर्वी त्याची रंगीत तालीम घरच्या माणसांपुढे करावी, आणि तीत निघालेली चूक झाकू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

शहापूर तालुक्याची कथा आपणांस ठाऊक आहे. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे; पुढे वैतरणा व भातसा यांचेही जाऊ लागले. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु भूमी काळ्या कातळाची आणि उताराची. कातळाच्या भेगांत थोडेच पाणी मुरते व बाकीचे वाहून जाते. म्हणून ज्या तालुक्याच्या तलावांवर महानगर जगते, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

अशाच एका गावच्या आपल्या कन्येने महाविद्यालयीन संशोधन स्पर्धेसाठी गावविहिरीची पातळी दिवाळीपासून मेअखेरपर्यंत दर रविवारी दोर सोडून मोजली. स्पर्धेपूर्वी मुरबाड येथे तिच्या मामांच्या पडवीत भिंतीवर पांढरी चादर लावून तालीम झाली. श्रोते मोजकेच: आम्ही, दोन शिक्षक, मामा-मामी आणि गावाहून आलेली तिची आजी.

प्रथम दिसल्या त्या नेहमीच्याच उणिवा. आठ मिनिटांपैकी पाच मिनिटे जगातील जलसंकटाच्या वर्णनात गेली. स्वतःची विहीर सहाव्या मिनिटास आली. स्लाइडवरील मजकूर ती आमच्याकडे पाठ करून वाचत होती. कोष्टकातील आकडे इतके बारीक, की समोर बसलेल्यांसही दिसेनात. आम्ही सुचविले, की पहिल्याच वाक्यात आपला प्रश्न सांगावा. कोष्टकाऐवजी एक आलेख दाखवावा. एका स्लाइडवर एकच मुद्दा ठेवावा. आणि आकडा सांगताना तो कसा मोजला, हेही सांगावे.

खरी उणीव मात्र आजींनी काढली. आलेखात माघातील एका आठवड्यात पाणी एकदम दीड फूट खाली गेलेले दिसत होते. धरणामुळे झरे आटतात, याचा पुरावा म्हणून मुलीने तेच दाखविले होते. विहिरीचे छायाचित्र पाहून आजी म्हणाल्या, "अगं, हा कठडा तर माघात बांधला. त्याच्या आधी दोर कुठं धरत होतीस?"

पडवीत शांतता पसरली. आधी दोर जमिनीच्या काठावरून सोडला होता, नंतर नव्या कठड्यावरून. कठड्याची उंची दीड फूट! पाणी एकाएकी उतरले नव्हते. मोजण्याची जागा वर गेली होती. मुलीचे डोळे भरून आले. स्पर्धा चार दिवसांवर होती. मामा म्हणाले, "कठडा कधी बांधला, हे परीक्षकांना काय ठाऊक? राहू दे." त्यांच्या बोलण्यात माया होती, तथापि आम्हांस ते पटले नाही. आपल्या गावांचे पाण्याचे गाऱ्हाणे खरे आहे. म्हणूनच त्यात एकही खोटा आकडा नसावा. एक आकडा खोटा ठरला, की उरलेल्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

मग कठड्यानंतरच्या प्रत्येक नोंदीतून दीड फूट वजा केला. आलेखातील ती उडी नाहीशी झाली आणि दिवाळीपासून संथपणे उतरणारी रेषा राहिली. मुलगी प्रथम हिरमुसली. परंतु तीच रेषा पाहता पाहता तिला एक उपयोगाची गोष्ट सापडली. विहीर एका रात्रीत आटत नाही. तिची चाल पौषातच दिसू लागते. तेव्हा टँकरची मागणी घागरी रिकाम्या होण्यापूर्वीच करता येईल. एका विहिरीच्या एका वर्षावरून नियम ठरत नाही आणि धरणाशी संबंध सिद्ध झालेला नाही, हेही तिने स्पष्ट लिहिले.

दोन दिवसांनी पुन्हा तालीम झाली. कठड्याची चूक तिने स्वतःच्या तोंडाने सांगितली, आणि आठ मिनिटे होण्यापूर्वी ती थांबली. आजींनी मुद्दाम तोच प्रश्न विचारला. या वेळी तिने त्यांच्याकडे पाहून एका वाक्यात उत्तर दिले.

मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात त्याने उमेदवारी केली. पुढे थोर शास्त्रज्ञ झाला, तरी वक्तृत्वाचे पाठ घेण्यात व व्याख्यानात आपली गती कोणी आवरावी, यात त्याने कमीपणा मानला नाही. मग आपल्या मुलांनी संकोच का करावा?

म्हणून ज्ञातिबांधवांना आमची विनंती, की आपल्या घरची पडवी अशा तालमीसाठी मोकळी ठेवा, आणि श्रोत्यांत आजींना पहिली जागा द्या. शिकलेल्यांस जे दिसत नाही, ते पाणी भरणाऱ्या हातांस ठाऊक असते.