आपला माणूस आणि आठवा मजला
(तरुणांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय सांगितला होता, ‘घर घेताना घ्यायची काळजी’. मी म्हटलं, काळजी तर मी घेतलीच नव्हती, तेव्हा न घेतलेल्या काळजीबद्दल बोलतो. ते म्हणाले, चालेल, तेच जास्त उपयोगी पडेल.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. आमच्या कंपनीत बाहेरची एखादी फुकटची लायब्ररी वापरायची असली तरी आधी तिचं लायसन्स वाचावं लागतं. असा माणूस ४८ लाखांचं घर घ्यायला गेला आणि बिल्डरच्या ऑफिसात दोन कप चहा पिऊन होकार देऊन आला.

गोष्ट २०१८ची. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले होते. त्यांचा फंड, ग्रॅच्युइटी, गावाकडचा विकलेला प्लॉट आणि माझी बचत मिळून पैसे उभे राहत होते. भवानी पेठेत दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं भाड्याने राहत होतो. आधी शहराच्या पश्चिमेला दोन ठिकाणी चौकशी केली. फोनवर सगळं ठरायचं, नाव सांगितलं की ‘त्या फेजमधले फ्लॅट संपलेत’. दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसातल्या मित्राने फोन केला तर त्याच फेजमध्ये चार फ्लॅट शिल्लक. हा अनुभव या हॉलमध्ये कुणाला नवा नाही, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. पण त्याचा एक परिणाम आपण सहसा बोलत नाही. पुण्यासारख्या शहरात आपल्यासाठी चार-दोनच वस्त्या उरतात, तेव्हा तिथल्या बिल्डरलाही ते ठाऊक असतं. तुम्ही उठून जाणार नाही, कारण जायला जागाच नाही, हे तो चहा मागवतानाच ओळखून असतो.

कोंढव्यातला हा बिल्डर आमच्या मामूंच्या ओळखीचा होता. पाच वेळचा नमाजी, बोलायला गोड. अब्बांना त्याची एक गोष्ट फार आवडली. तो म्हणाला, “चाचा, बँकेच्या भानगडीत पडूच नका. सूद कशाला भरायचा? मला हप्त्यांनी द्या, बिनव्याजी.” अब्बांनी आयुष्यात कधी व्याजाचं कर्ज काढलेलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मी पाहिलंय.

आता यातली मेख ऐका. घरासाठी कर्ज मागितलं की बँकेचा वकील फाईल तपासतो. जमिनीचा तीस वर्षांचा टायटल सर्च, मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, सगळं पाहतो. तो तुमच्यासाठी नाही, बँकेच्या पैशासाठी पाहतो, पण तुमचंही काम होऊन जातं. आम्ही कर्ज घेतलं नाही, म्हणजे आमची फाईल कुणीच तपासली नाही. पुढे कळलं की त्या बिल्डिंगवर एकही बँक कर्ज द्यायला तयार नव्हती. आम्हाला ते कळायला मार्गच नव्हता, कारण आम्ही कर्ज मागितलंच नव्हतं. ज्यांना व्याज नको आहे त्यांनी ते जरूर टाळावं. पण मग दहा-पंधरा हजार देऊन स्वतःचा वकील लावा आणि बँक जे बघते ते त्याला बघायला सांगा. हा खर्च वाचवू नका.

जून २०१९मध्ये आमचा करारनामा रजिस्टर झाला. तोवर आम्ही १८ लाख देऊन बसलो होतो. रेरा कायदा, म्हणजे २०१६चा स्थावर संपदा कायदा, कलम १३मध्ये स्पष्ट सांगतो की नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत बिल्डरने किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही. आमचे दहा टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार. मी तेव्हा हे कलम वाचलेलं नव्हतं. वाचलं असतं तरी अब्बांसमोर तोंड उघडलं असतं का, सांगता येत नाही. कागद मागणं म्हणजे भरोसा नाही असं सांगणं, आणि आपल्या माणसाला तसं सांगायचं नसतं, अशी आमच्या घरची रीत.

करारनाम्यात ताब्याची तारीख होती ३१ डिसेंबर २०२०. मधे कोरोना आला. त्याचे सहा महिने आम्ही कुरकुर न करता सोडले. जून २०२१ गेला. चावी कधी विचारलं की उत्तर यायचं, “इन्शाअल्लाह, ईदला.” आमची अम्मी एकदा म्हणाली, “कोणती ईद ते पण विचार.”

डिसेंबर २०२१मध्ये एका रात्री मी पहिल्यांदा महारेराच्या वेबसाईटवर आमच्या प्रोजेक्टचं पान उघडलं. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, नावाने किंवा नोंदणी क्रमांकाने शोधता येतं. तीन वर्षांत मी ते एकदाही केलं नव्हतं. तिथे काम पूर्ण होण्याची तारीख होती डिसेंबर २०२२, आम्हाला सांगितलेल्या तारखेच्या दोन वर्षं पुढची. आणि तिथेच मंजूर नकाशाची पीडीएफ होती. ती मी तीनदा मोजली. मंजूर मजले सात. आमचा फ्लॅट सातव्यावर. आणि आमच्या डोक्यावर आठव्याचे कॉलम उभे होते, स्लॅबही पडला होता.

आठव्या मजल्यावर उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई फ्लॅट घेत होत्या. सगळे त्यांना खाला म्हणतो. नवरा वारलेला, मुलगी सासरी. त्यांनी २१ लाख दिले होते, १५ चेकने आणि ६ रोख. हातात काय, तर लेटरहेडवरचं अलॉटमेंट लेटर, आणि रोख रकमेची एक हाताने लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावर सही आहे की नुसती रेघ तेही कळत नाही. करारनामा का झाला नाही विचारलं तर ‘पुढच्या महिन्यात करू’. तो होणं शक्यच नव्हतं, कारण जो मजला मंजूर नाही त्यावरच्या फ्लॅटचा करार कशाच्या आधारावर करणार? मी जाऊन बिल्डरला विचारलं. तो म्हणाला, टीडीआर घेतोय, वाढीव मंजुरी येतेच आहे. मी म्हटलं, कलम १४ सांगतं की इमारतीच्या नकाशात असा बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. ती कुठाय? तो हसला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “बेटा, तू शिकलेला आहेस. आपली माणसं आपसात कलमं बोलत नाहीत.”

आम्ही खरेदीदारांची बैठक घेतली. ३२ फ्लॅट, २० जण आले. एका बुजुर्गांनी उठून सांगितलं की आपसातली गोष्ट बाहेर नेऊ नका, कौमची बदनामी होते. मला बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. मी म्हटलं, “चाचा, बिल्डर एकटा कौम आहे का? हे ३२ घरवाले कोण आहेत?” कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नऊ जणांनी सह्या केल्या. बाकीच्यांचं म्हणणं, आपला पैसा त्याच्या हातात अडकलाय, चिडला तर तोही जाईल. ही भीती खोटी नव्हती, म्हणून मी त्यांना दोष देत नाही.

त्याच सुमारास बिल्डरने एक गोड प्रस्ताव आणला. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, यायचंय, पण तुम्ही फर्निचरसाठी चाव्या घ्या, राहायलाही या. सहा कुटुंबं गेली. महापालिकेचं पाणी नाही, टँकरचा महिन्याचा खर्च त्यांच्यावर, आणि ‘ताबा मिळाला’ अशा कागदावर त्यांच्या सह्या. लक्षात ठेवा, १९६३चा मोफा कायदासुद्धा पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय ताबा द्यायला आणि घ्यायला, दोन्हीला मनाई करतो. जे आधीच अशा घरात राहत आहेत त्यांच्यासाठी एक निकाल सांगतो. जानेवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात ओसी न मिळवणं ही बिल्डरच्या सेवेतली त्रुटी धरली. त्या सोसायटीला ओसी नसल्यामुळे जादा मालमत्ता कर आणि पाणीपट्टी भरावी लागत होती. म्हणजे राहायला गेलात म्हणून हक्क संपत नाही.

फेब्रुवारी २०२२मध्ये मी महारेराकडे तक्रार केली. फी ५ हजार रुपये, अर्ज ऑनलाईन, वकील सक्तीचा नाही. बिल्डरच्या वकिलाचा मुद्दा असा होता की वेबसाईटवर डिसेंबर २०२२ आहे, मग उशीर कुठे झाला? पण कलम १८ करारनाम्यातली तारीख बघतं. पाठ करावी अशी ही एकच गोष्ट आहे: करारनाम्यात ताब्याची तारीख असली पाहिजे, ‘अंदाजे’ नाही आणि कोरी जागा तर मुळीच नाही. आमचा करार उशिरा का होईना झाला होता आणि त्यात तारीख होती, म्हणून आम्ही उभे राहू शकलो.

ओसी आलं जानेवारी २०२३मध्ये, सात मजल्यांचं. आणि मग घरात वेगळंच भांडण सुरू झालं. कलम १८प्रमाणे उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मिळतं. महाराष्ट्राच्या नियमात त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरपेक्षा दोन टक्के जास्त आहे. आमचा हिशेब सातेक लाखांचा होत होता. अब्बा म्हणाले, “सूद मी कधी दिला नाही, आता घेऊ?” मी सांगून पाहिलं की हे कर्जावरचं व्याज नाही, ही भरपाई आहे, कायद्याने फक्त तो शब्द वापरलाय. ते म्हणाले, “मग भाड्याचं माग. भाडं आपल्या खिशातून गेलंय, ते खरं नुकसान.” १४ हजार महिना, १९ महिने, २ लाख ६६ हजार. त्यांनी वहीत मांडून दाखवलं. महारेराच्या सलोखा मंचात तेवढ्यावरच तडजोड झाली आणि सहमतीचा कागद झाला. बिल्डरच्या वकिलाचा चेहरा उजळलेला मला आजही आठवतो. माझं मत अजूनही वेगळंच आहे. आमचे पैसे त्याने चार वर्षं फुकट वापरले आणि सुटताना चारेक लाख वाचवले. पण घर अब्बांच्या पैशांचं होतं. दोन चेकपैकी पहिला वठला, दुसरा परत आला, मग नोटीस पाठवल्यावर चार महिन्यांनी पैसे मिळाले.

राहायला गेल्यावर एका सकाळी अब्बांनी मला हाक मारली. तरजुमा उघडून बसले होते. सूरह बकराची २८२वी आयत, कुरआनातली सगळ्यात लांब आयत, आणि ती देण्याघेण्याबद्दल आहे: मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका. अब्बा म्हणाले, “पन्नास वर्षं वाचतोय. बिल्डरकडे गेलो तेव्हा आठवली नाही.” मी काहीच बोललो नाही. चहा केला.

पहिल्या पावसात हॉलच्या भिंतीला ओल आली. बांधकामातल्या दोषासाठी ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बिल्डर जबाबदार असतो, तक्रार लेखी द्यायची, तीस दिवसांत त्याने दुरुस्त करायचं. दोन मेलनंतर झालं. उघड्यावरच्या पार्किंगचे त्याने काही जणांकडून अडीच-अडीच लाख घेतलेत. ती जागा सामाईक असते, विकता येत नाही. तो लढा आता सोसायटीचा आहे आणि मी सेक्रेटरी झालोय, त्यामुळे त्यावर आज बोललो तर जेवण राहील.

खालांची तक्रार वेगळी चालली. अलॉटमेंट लेटर आणि बँकेच्या नोंदींवर १५ लाख परत करण्याचा आदेश झाला. नऊ आलेत. उरलेल्यांसाठी वसुली वॉरंट निघालंय. ही वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, म्हणून फाईल जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलला गेली आहे आणि दर महिन्याला आम्ही दोघं तिची चौकशी करायला जातो. रोख सहा लाखांचा कुठेच उल्लेख नाही. स्थावर मालमत्तेसाठी २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि दंड घेणाऱ्याला असतो, हे खालांना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तो तर म्हणतो घेतलेच नाहीत.” चिठ्ठी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलीय. आठवा मजला अजून तसाच आहे, विटा नसलेला, आमच्या डोक्यावर. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं.

जेवणानंतर मी मागच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसतोय. ज्यांनी बुकिंग केलंय किंवा करायचा विचार आहे त्यांनी प्रोजेक्टचा रेरा नंबर आणा. १ ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीवर क्यूआर कोड देणं सक्तीचं आहे, त्यामुळे ब्रोशरचा फोटो असला तरी चालेल. नकाशा उघडू आणि आधी मजले मोजू.