ळढफहल म्हणजे काय?

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर 'हडपसर' लिहा. पाच अक्षरे, ना काना, ना मात्रा, ना जोडाक्षर. आता वर्णमालेत प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकवा. 'ह'चा 'ळ', 'ड'चा 'ढ', 'प'चा 'फ', 'स'चा 'ह', 'र'चा 'ल'. झाले 'ळढफहल'. बसच्या पाटीवर हे लिहिले, तर कंडक्टरही चक्रावेल! रोमचा सीझर अशीच अक्षरे तीन-तीन घरे सरकवून गुप्त पत्रे लिहायचा.

आता हडपसरमधलाच आपला गाडीतळ घ्या. 'ळ' संपला की पुन्हा 'क', म्हणून त्याचा होतो 'घाढीथक'. अक्षरे पालटली, पण काना आणि वेलांटी जागच्या जागी! हडपसरच्या माणसाला एवढा सुगावा पुष्कळ झाला. मराठीत अक्षर लपते, काना-मात्रा चुगली करतात.

ही विद्या मराठीत खरी जोपासली ती महानुभाव पंथाच्या लोकांनी. सकळ, सुंदरी, अंक, वज्र अशा सांकेतिक लिप्यांत त्यांनी आपल्या पोथ्या उतरवून ठेवल्या. सकळ लिपीचे श्रेय परंपरा चौदाव्या शतकातल्या रवळोबासांना देते. नेहमीच्या अक्षराऐवजी ठरलेले दुसरे चिन्ह, एवढेच मूळ गुपित. पण विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तोवर ते पंथाबाहेर फारसे गेले नाही.

वास्तविक असे संकेत फोडायची रीत अरब पंडित अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवली होती: कुठले चिन्ह किती वेळा येते ते मोजा. मजकूर जितका लांब, तितके काम सोपे. त्यात महानुभावांच्या पोथ्यांपैकी म्हाइंभटांनी लिहिलेल्या लीळाचरित्रात 'सर्वज्ञें म्हणितलें' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. तेवढे दोन शब्द ओळखले, की सहा-सात अक्षरे आयतीच हाती लागतात. म्हणून मला वाटते, सकळ लिपी टिकली ती अवघड होती म्हणून नव्हे. पोथीच परक्याच्या हाती पडत नव्हती.

ती पडली, आणि म्हाइंभटांचे तेराव्या शतकातले बोलते, खणखणीत मराठी गद्य सर्वांसमोर आले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली छापून निघाले. ते देवनागरीत आहे, किल्ली लागत नाही. वाचनालयात मिळाले तर जरूर वाचा.