ऐंशी रुपये किती वेळा फिरतात

‘धंदा करायची इच्छा खूप आहे हो, पण भांडवल नाही.’ बँकेत नोकरीला असताना हे वाक्य मी टेबलापलीकडून सतत ऐकत आले. त्यावर माझा प्रश्न ठरलेला असे : तुम्ही घातलेला रुपया किती दिवसांनी तुमच्या हातात परत येणार? बहुतेकांनी खर्चाचा हिशेब केलेला असायचा, नफ्याचाही केलेला असायचा. दिवसांचा मात्र कुणीच केलेला नसायचा. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

लिज्जत पापडाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात, लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांच्याकडून घेतलेले ८० रुपये एवढंच भांडवल. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. जसवंतीबेन पोपट त्या सातजणींपैकीच. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भाषणांत ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. जिद्द होतीच, पण मला त्यातला हिशेब जास्त आवडतो.

पहिल्या वर्षाची विक्री झाली ६,१९६ रुपयांची. तिला ८० ने भागून बघा. सत्याहत्तर येतात. त्यातून पावसाळ्याचे चार महिने वजा करा, कारण पापड वाळेनात म्हणून काम बंदच ठेवावं लागलं होतं. उरले आठ महिने, म्हणजे साधारण २४० दिवस. ढोबळमानाने, ते ऐंशी रुपये दर तीन दिवसांनी डाळीच्या पिठात जाऊन पापडातून परत येत होते. कमाईची भर त्यात पडत गेली असणार, म्हणून हा आकडा काटेकोर मानू नका. तरीही सोमवारी मळलेल्या पिठाचे पैसे गुरुवारपर्यंत हातात, हा वेग लक्षात घ्या. ८० रुपयांत धंदा उभा राहिला तो या वेगावर.

आणि पावसाळ्याचं त्यांनी काय केलं? दुसऱ्या वर्षी एक खाट घेतली आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाटेखाली स्टोव्ह पेटवायचा. झालं वाळवणयंत्र! चार महिने अडकून पडणारा पैसा त्या खाटेने मोकळा केला. यंत्रसामग्रीवर पैसे घालायचे तर असे घालावेत. पैसा कुठे अडतोय ते आधी पाहायचं, मग तेवढ्यापुरतीच वस्तू आणायची. आपल्याकडे उलटं होतं. कर्ज मंजूर झालं की आधी फ्रीज येतो, मोठा मिक्सर येतो, दारावर रंगीत बोर्ड लागतो, आणि डाळ आणायला पैसे उरत नाहीत.

आता दुसरं चित्र बघा. मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका. परळ-लालबागच्या चाळींतून दहा बाय दहाच्या खोलीत वीस-वीस कामगारांना दोन वेळ जेवू घालायच्या. स्वयंपाकात तरबेज, गिऱ्हाईक बांधलेलं, कष्टाला मागे हटणाऱ्या नव्हेत. तरीही त्या कायम वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात. का? कामगार पैसे द्यायचा पगार झाल्यावर, आणि हिला तांदूळ, तेल, रॉकेल लागायचं रोज. मधले तीस दिवस उधारीवर काढायचे, त्यासाठी प्रसंगी अंगावरचं सोनं गहाण टाकायचं. नफा व्याजात जायचा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, बायकांचे गट करून एकमेकींच्या हमीवर बँकेची छोटी कर्जं मिळवून दिली, ती ही तीस दिवसांची दरी भरायला.

आजच्या भाषेत सांगते. समजा तुम्ही दहा डबे देता आणि एका डब्याचा कच्चा माल ५० रुपयांचा आहे. दिवसाला ५०० लागले. पैसे महिनाअखेर मिळणार असतील तर १५,००० रुपये जवळ हवेत. दर आठवड्याला मिळणार असतील तर ३,५०० पुरतात. आणि आठवड्याचे पैसे आधीच घेतलेत तर पहिल्या दिवसाचा बाजारसुद्धा गिऱ्हाइकाच्या पैशातून होतो. स्वयंपाक तोच, डबेही तेच.

म्हणून कमी पैशात काय सुरू करावं असं कुणी विचारलं, तर मी लोणचं-मसाल्याचं नाव सहसा घेत नाही. प्रदर्शनात एका रांगेत सहा बचत गटांच्या सहा चटण्या मांडलेल्या बघितल्या की जीव कळवळतो. लोणच्याची बरणी घरात सहा महिने पुरते. ते गिऱ्हाईक पुन्हा कधी यायचं? त्यापेक्षा रोजच्या पोळ्या करा, इडलीचं ओलं पीठ विका. मोड आलेली मटकी घ्या. सकाळी भिजत घातली, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लांब मोड येतात. किलोची दुपटीहून जास्त होते, आणि संध्याकाळी विकली की दोन दिवसांत पैसे घरात. शिवाय तेच घर पुढच्या आठवड्यात परत मागतं.

कर्ज घेऊच नका, असं नाही. २०१५ पासून मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारण न देता कर्ज मिळू शकतं. हातगाडीवाल्यांसाठी, पथारीवाल्यांसाठी २०२० पासून स्वनिधी योजना आहे. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणीही करून घ्या. पण कर्ज मागायला जाण्याआधी दोन-तीन महिने स्वतःच्या फिरत्या पैशावर धंदा चालवून बघा आणि वही लिहा. हिशेब चोख ठेवा, हा छगनबाप्पांचाही आग्रह होता.

राहता राहिली उधारी. दुकानदार ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावून मोकळा होतो. घरगुती धंद्याला पाटी लावायची कुठे? आणि समोर शेजारच्या काकू, नणंद, मुलाच्या वर्गातल्या मित्राची आई. ‘नंतर देते गं’ म्हटलं की तोंडातून ‘नाही’ निघत नाही. पोळ्यांचा धंदा करणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका बाईने यावर नामी तोड काढली आहे. ती पोळ्या हातात देते आणि हसून सांगते, ‘पैशाचं सासूबाई बघतात.’ सासूबाई दाराशी स्टुलावर डबा घेऊन बसलेल्या असतात. त्यांना ऐकू जरा कमी येतं. ‘नंतर देते’ हे तर अजिबातच येत नाही.